मेहरजियाची हिरडी

त्या गुरुवारी तिसऱ्या नंबरला दुर्साफच्या खोलीत दोघीजणी आल्या. एका घरातल्या आहेत आणि एकमेकींशी बोलत नाहीत, हे त्या दारातून आत येईपर्यंतच कळत होतं. पुढे सासू वसीला, सगळे मानानं लल्ला वसीला म्हणत ती. साठीची, हाडापेरानं मजबूत, हातातली टोपली अशी धरलेली की कुणी हिसकावून घेईल. चार पावलं मागे सून मेहरजिया, सत्तावीस वर्षांची, तोंडावर रुमाल दाबून. केर्केना बेटावरून दोघी सकाळच्या पहिल्या बोटीनं स्फाक्स शहरात आल्या होत्या.

दुर्साफ त्या सरकारी इस्पितळात पेशींची डॉक्टर होती. कुणाला कुठे गाठ आली की बारीक सुईनं तिच्यातल्या थोड्या पेशी ओढून घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं, ही गाठ कसली. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. रुग्णांशी गोड बोलण्याबद्दल तिची ख्याती नव्हती, पण तिची सुई दुखत नाही असं सगळे म्हणत.

तिनं दातांच्या विभागाकडून आलेली चिठ्ठी वाचली. वरच्या हिरडीवर गाठ, पाच आठवडे, हात लावताच रक्त येतं. रुग्ण गरोदर. गरोदरपणात हिरडीला येते तसली साधी गाठ असावी. सोमवारी कापून काढायची, त्याआधी सुईची तपासणी.

"मबरूक, अभिनंदन!" दुर्साफ हातमोजे चढवत म्हणाली. "कितवा महिना?"

मेहरजियानं रुमाल खाली घेतला.

"मी गरोदर नाही, दोक्तोरा."

"ऐका!" वसीलानं टोपली दाणकन खाली ठेवली. "तीन वेळा पट्टी केली, दोक्तोरा. तिन्ही वेळा दोन रेघा. आणि माझा मुलगा लजहर, हिचा नवरा, दहा महिने झाले जहाजावर आहे, कुठे ब्राझीलच्या बाजूला माल उतरवतोय. ही म्हणते मी गरोदर नाही! म्हणजे पट्टी खोटं बोलते, औषधाच्या दुकानातला माणूस खोटं बोलतो, एकटी हीच काय ती खरी!"

"सोनोग्राफीत पोट रिकामं दिसलं," मेहरजिया जमिनीकडे बघत म्हणाली.

"रिकामं दिसणारच. मोकळी होऊन आली असशील कुठेतरी."

आपण 'मबरूक' म्हटलं याची दुर्साफला लाज वाटली. ती म्हणाली, "लल्ला, तुम्ही जरा बाहेर बसा."

"का? मी काय तिला गिळणार आहे?"

"खोली लहान आहे आणि माझ्या हातात सुई आहे. जा, बाकावर ऊन आलंय, छान बसा."

वसीला पुटपुटत गेली. दार लागलं तशी मेहरजिया खुर्चीत मागे टेकली आणि तिचे डोळे भरून आले, पण तिनं पाणी खाली पडू दिलं नाही.

"तुमचाही विश्वास नाही ना?"

"मी बघितल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि अविश्वासही दाखवत नाही. तोंड उघड."

गाठ वरच्या डाव्या दाढांच्या मधोमध होती. ऑलिव्हएवढी, जांभळट काळी, वरून मऊ. दुर्साफनं अगदी हलक्या हातानं सुई घातली, तरी नळी क्षणात रक्तानं भरली. तिनं चार काचांवर ते पसरलं आणि कापसाचा बोळा देऊन मेहरजियाला घट्ट चावून धरायला सांगितलं. पाच मिनिटांत थांबायला हवं होतं ते रक्त थांबायला वीस मिनिटं लागली. मधे तिला दोनदा खोकला आला.

"खोकला केव्हापासून?"

"महिना झाला असेल. वाऱ्याचा असेल, आमच्याकडे वारा फार." मग बोळ्याआडून ती म्हणाली, "लजहर माझा फोन उचलत नाही. चौदा दिवस झाले. आईनं त्याला सांगितलंय. आता गावातल्या बायका माझ्या हातची भाकरीसुद्धा घेत नाहीत."

दुर्साफनं तिचा खांदा दाबला आणि शनिवारी रिपोर्ट मिळेल असं सांगितलं.

दुपारी बाराच्या सुमारास काचा रंगून आल्या. दुर्साफ मायक्रोस्कोपला बसली. पहिल्या काचेवर नुसतं रक्त आणि मेलेल्या पेशींचा चिखल. दुसरीवर तिला एक अवाढव्य पेशी दिसली, आणि तिच्या पोटात वीसेक केंद्रकं. मग आणखी एक. मग तीन.

विभागाचे प्रमुख, प्राध्यापक मुन्सिफ, ज्यांना सगळे मानानं सी मुन्सिफ म्हणत, मागून जात होते. त्रेसष्ट वर्षांचे, पांढऱ्या मिशांचे, अर्ध्या देशाच्या पेशी बघून झालेले गृहस्थ. त्यांनी वाकून दोन मिनिटं पाहिलं.

"राक्षसी पेशी. हिरडीवर राक्षसी पेशींची साधी गाठ येते, विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. लिहून टाक, मी सही करतो."

"सी मुन्सिफ, केंद्रकं बघा. साध्या गाठीत ती एकसारखी असतात, ताटात चणे पसरल्यासारखी. इथे एक एवढं, एक तेवढं, आणि काळी किट्ट. शाई सांडल्यासारखी."

"रक्तात भिजलेला नमुना आहे, रंग नीट चढला नसेल." ते मिशीत हसले. "दुर्साफ, पुन्हा देवमासा लागला का गळाला?"

हा टोमणा सात वर्षं जुना होता. एका शेतकऱ्याच्या मानेच्या गाठीत दुर्साफला फार दुर्मिळ कर्करोग दिसला होता, तिनं सगळा विभाग हलवून सोडला होता, आणि शेवटी ती साधी क्षयाची गाठ निघाली. तेव्हापासून तिनं 'जरा थांबा' म्हटलं की कुणीतरी देवमाशाची चौकशी करायचंच. दुर्साफचे कान तापले.

"देवमासा असो की बोंबील," ती म्हणाली, "मी यावर साधी गाठ म्हणून सही करणार नाही."

"नको करूस. पण सोमवारी ते कापणार आहेत, त्याआधी त्यांना काहीतरी लिहून द्यावं लागेल. नुसतं 'मला पटत नाही' असं लिहिता येत नाही." एवढं बोलून ते जेवायला निघून गेले.

ते चुकीचं बोलले नव्हते, म्हणूनच ते तिला झोंबलं. तिनं तिसरी काच ठेवली आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत इंच न् इंच सरकवायला सुरुवात केली. रक्त, चिखल, रक्त. मग एका कडेला तिला लहान पेशींचा घोळका दिसला. प्रत्येकीत एकच केंद्रक, स्वच्छ फिकट अंग, कडा रेखीव. आणि त्या घोळक्याला मिठी मारल्यासारखी एक राक्षसी पेशी वरून पसरलेली.

दुर्साफनं डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. ही जोडी तिनं आधी पाहिली होती. हिरडीत नव्हे, कुठल्या गाठीतही नव्हे. शिकत असताना बाळंतिणींच्या खोलीतून आलेली वार कापून काचेवर लावायचं काम तिच्याकडे असे, तेव्हा रोज पाहिली होती. लहान फिकट पेशी आणि त्यांच्यावर पांघरलेल्या राक्षसी पेशी. या दोघी सोबतीनं जगात एकाच ठिकाणी नांदतात, गर्भाच्या वारेत.

पण ही वार पिसाटली होती. आणि ती दातांच्या मधे येऊन बसली होती.

मग एका झटक्यात बाकीचं सगळं जागेवर बसलं. घरी करायची ती पट्टी मूल कुठे ओळखते? वार रक्तात जे द्रव्य सोडते, ते ती ओळखते. वारेच्या पेशी कर्करोगाच्या होऊन अंगभर फिरल्या, तरी तेच द्रव्य सोडत राहतात. पट्टीनं खोटं सांगितलं नव्हतं. मेहरजियाही खोटं बोलली नव्हती. हिरडीतली गाठ सोमवारी कापली असती, तर मात्र रक्त थांबवता थांबलं नसतं.

आता फक्त एक गोष्ट हवी होती. असा रोग आभाळातून पडत नाही. आधी कधीतरी गर्भ राहिलेला असावा लागतो. चिठ्ठीवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. चिठ्ठीवरचा फोन नंबर सासूचा होता, आणि तो लागत नव्हता. घड्याळात पावणेदोन झाले होते. बेटाची बोट अडीचला सुटायची.

दुर्साफ पांढऱ्या कोटातच खाली उतरली आणि फाटकाशी टॅक्सीत बसली.

"बंदर. बेटाची बोट. लवकर."

"कुणी पळून चाललंय का, दोक्तोरा?" चालकानं विचारलं.

"हो. ज्यांना पळू द्यायचं नाही, त्या दोघी."

धक्क्यावर गाड्यांची रांग बोटीत शिरायला लागली होती. रिकामे बर्फाचे खोके, मेंढ्यांनी भरलेला एक टेंपो, सायकली. दोघी लोखंडी कठड्याशी उभ्या होत्या, मधे दोन माणसांचं अंतर. पांढरा कोट धावत येताना दिसला तशी मेहरजियाचा चेहरा उतरला.

"वाईट आहे का?"

"आधी मला सांग," दुर्साफ धापा टाकत म्हणाली. "तुला याआधी कधी दिवस गेले होते? अगदी काहीही. पडलं असेल, राहिलं नसेल, कुणाला सांगितलं नसेल."

मेहरजियानं ओठ घट्ट मिटले आणि सासूकडे पाहिलं. उत्तर वसीलानं दिलं.

"गेले होते की. दीड वर्ष होईल. तेव्हा लजहर घरीच होता. तिसऱ्या महिन्यातच पोट पाचव्यासारखं दिसायला लागलं, आणि मग एका सकाळी सगळं वाहून गेलं. मीच धरून बसले होते हिला." तिचा आवाज नकळत खाली आला. "ते बाळ नव्हतंच, दोक्तोरा. मी आयुष्यभर समुद्रात सोडलेल्या मडक्यांतून ऑक्टोपस काढले. मादी आत अंडी लटकवते ना, पांढऱ्या मण्यांचे घोस? अगदी तसं होतं. मण्यांचे घोसच्या घोस. मी कुणाला सांगितलं नाही. लोक काय म्हणतील? आमच्या घरात काय जन्माला आलं म्हणतील."

दुर्साफनं त्या म्हातारीचे दोन्ही हात धरले. तिला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटत होतं.

"लल्ला वसीला, त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. नंतर डॉक्टरांनी काही सांगितलं होतं?"

"पोट साफ केलं. मग म्हणाले दर महिन्याला येऊन रक्त तपासा. दोनदा गेलो. मग थंडी लागली, समुद्र खवळला, लजहर जहाजावर गेला. अंगात काही दुखत नव्हतं. कशाला तपासायचं, ते कुणी सांगितलंच नाही."

"हे तपासायचं होतं." दुर्साफनं मेहरजियाच्या गालाकडे बोट दाखवलं. "त्या घोसातला एखादा कण मागे राहतो, वाढतो आणि रक्तातून हिंडतो. तुझ्या हिरडीत तो येऊन बसलाय. पट्टीवर दोन रेघा त्याच्याच आहेत. तू गरोदर नाहीस, मेहरजिया. गेल्या दीड वर्षात नव्हतीस."

मेहरजियानं हळूच विचारलं, "म्हणजे कर्करोग?"

"हो. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण कर्करोगांत इतका बरा होणारा शोधून सापडायचा नाही. अंगभर पसरलेला असला तरी औषधानं धुऊन निघतो. बहुतेक बायका बऱ्या होतात. पण आज, आत्ता परत चलायचं."

बोटीचा भोंगा वाजला. आणि मेहरजिया, जिला कुणीतरी नुकतंच कर्करोग आहे म्हणून सांगितलं होतं, सासूकडे वळली आणि तिथल्या सगळ्या मेंढ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंत? मी नव्हते!"

वसीला मटकन कठड्याच्या पायरीवर बसली. तिनं स्वतःच्या मांडीवर थाप मारली, एकदा, दोनदा. "मी नासकी," ती म्हणाली. "माझ्या जिभेला किडे पडोत." मग ती उठली, सुनेच्या हातातली पिशवी ओढून आपल्या खांद्यावर टाकली आणि टॅक्सीकडे चालू लागली. "चला की! उभ्या काय राहिलात दोघी? दोक्तोरा म्हणतेय आत्ता म्हणजे आत्ता!"

रक्तातल्या त्या द्रव्याचा आकडा संध्याकाळी पाचला आला. नेहमी तो पाचाच्या खाली असायला हवा. मेहरजियाचा एक लाख शहाऐंशी हजार होता. छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत मिळून सात गोल डाग होते, कुणी गोट्या टाकल्यासारखे. वाऱ्याचा खोकला नव्हता तो.

दुर्साफनं तिसरी काच मायक्रोस्कोपला लावली, आकड्याचा कागद बाजूला ठेवला आणि सी मुन्सिफना बोलावलं. त्यांनी आधी कागद वाचला. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी काच स्वतःच सरकवली, मागे आणली, पुन्हा त्या घोळक्यावर थांबले.

"वार," ते शेवटी म्हणाले. "हिरडीत वार. चाळीस वर्षांत मी हे हिरडीतून आलेलं पाहिलेलं नाही." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मी त्यावर साधी गाठ म्हणून सही करणार होतो."

"केली नाहीत."

"तू करू दिली नाहीस. कौतुक कमी करून घेऊ नकोस, मला आवडत नाही." त्यांनी फोन उचलला आणि दातांच्या विभागाला आपल्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं की सोमवारची कापाकापी रद्द, आणि त्या गाठीला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही.

सोमवारच्या बैठकीत सगळा विभाग जमलेला असताना त्यांनी ती काच भिंतीवर दाखवली. विद्यार्थ्यांना विचारलं, काय आहे? अकरा जणांनी साधी राक्षसी गाठ सांगितली. "शाबास," सी मुन्सिफ म्हणाले, "तुमचं आणि माझं उत्तर एकच आहे, आणि आपण सगळ्यांनी मिळून या बाईला मारलं असतं. आता दोक्तोरा दुर्साफ सांगेल की कसं बघायचं." ते स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसले, वही उघडून. देवमाशाचं नाव त्या दिवसानंतर कुणी काढलं नाही.

औषधं त्याआधी शुक्रवारीच सुरू झाली होती. पाच औषधं आळीपाळीनं, दर पंधरवड्याला. मेहरजियाचे केस गेले, तोंड सोललं, आठवडाभर ती नुसती थंड ताकावर राहिली. पण दुसऱ्या फेरीनंतर हिरडीवरची गाठ मनुक्याएवढी झाली आणि चौथ्या फेरीला ती कुठे होती ते बोट लावून शोधावं लागलं. आकडा एक लाख शहाऐंशी हजारावरून एकोणतीस हजारांवर आला, मग दोन हजार, मग एकशे दहा. दर आकडा आला की मेहरजिया पेशींच्या खोलीत येऊन तो दुर्साफला वाचून दाखवायची. ते तिच्या डॉक्टरांचं काम होतं, दुर्साफचं नव्हे, पण दुर्साफनं तिला कधी तसं सांगितलं नाही.

लजहरचा फोन पहिल्याच आठवड्यात आला होता. वसीलानंच आधी त्याला लावला होता, वॉर्डाच्या मधोमध उभी राहून. "उचल मेल्या, तुझ्या आईचा फोन आहे. मी तुला जे सांगितलं ते सगळं खोटं होतं. चूक माझी. पण तू ऐकून घेतलंस आणि बायकोला एक शब्द विचारला नाहीस, ती चूक तुझी. जहाज असेल तिथे सोड आणि ये." तो पुढच्या बंदरावर उतरून पाच आठवड्यांनी पोहोचला. मेहरजियानं त्याला दोन दिवस दारातच उभं केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं बार्लीची पेज आणली, स्वतः रांधलेली, तेव्हा तिनं वाडगा घेतला. "मीठ जास्त आहे," ती म्हणाली. तो शेजारच्या खुर्चीत बसला आणि रडायला लागला, आणि तिनं त्याला रडू दिलं.

सहाव्या महिन्यात आकडा दोनच्या खाली गेला. पुढचे तीन आठवडे तिथेच राहिला. एक्स-रे स्वच्छ निघाला.

त्या शुक्रवारी दुर्साफ त्यांच्याबरोबर बोटीनं बेटावर निघाली. वसीलानं तिला जेवायला बोलावलं होतं, आणि वसीलाला नाही म्हणण्याची सोय नव्हती. बोट बंदरातून बाहेर पडते न पडते तोच वसीला वरच्या डेकवर मधोमध जाऊन उभी राहिली. सकाळच्या बाजाराहून परतणारं अर्धं बेट तिथे बसलं होतं. औषधाच्या दुकानातला माणूसही होता, बायकांच्या घोळक्याशेजारी.

"ऐका रे सगळे!" वसीला म्हणाली. "ही माझी सून. हिच्याबद्दल मी जे बोलले ते तुमच्यातल्या प्रत्येकानं ऐकलंय, कारण मी प्रत्येकाच्या दारात जाऊन बोलले. आता हेही ऐका. हिला मेलेल्या गर्भाचा रोग झाला होता, दातापर्यंत चढलेला. हिचं पोट स्वच्छ आणि हिचं मनही स्वच्छ. आणि ही बसलीय ना, पांढऱ्या रुमालाची, या बाईनं थेंबभर रक्तात ते बघितलं. आता कुणाच्या घरी माझ्या सुनेच्या हातची भाकरी नको असेल, तर मला आत्ताच सांगा."

एका म्हातारीनं जीभ हलवत जोरात आनंदाची किलकारी दिली, दुसरीनं तिला साथ दिली, आणि बघता बघता डेकभर तो आवाज घुमला. औषधाच्या दुकानातला माणूस उठून मेहरजियाला बसायला जागा देत होता.

"आई, पुरे," मेहरजिया हसत म्हणाली. रुमालाखाली तिचे केस बोटभर आले होते. "सगळ्या समुद्राला ऐकवताय."

"ऐकू दे. मी तेव्हा गप्प बसले नव्हते, आता कशी बसू?"

बोट बेटाच्या धक्क्याला लागली. लजहर एक दिवस आधी घर लावायला पुढे आला होता. तो दोरखंडापाशी उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. मेहरजिया सगळ्यांच्या आधी उतरली. तिनं खांद्यावरची औषधांची पिशवी काढून त्याच्या हातात दिली.

"धर. रिकामीच आहे," ती म्हणाली. "आणि दोक्तोराला भूक लागलीय, पाय उचला जरा."

ती पुढे चालू लागली, आणि बाकीचे तिच्या मागून.